मिठाच्या महालावर एकशे अडतीस मतं

धोंडीराम देवरे म्हणजे माल तपासणारा माणूस. नाशिकच्या अंबड भागातल्या एका कंपनीत गाड्यांचे पत्र्याचे पार्ट बनतात, तिथे फायनल इन्स्पेक्शनला त्यांची एकोणतीस वर्षं गेली. पार्ट उचलायचा, गेजमध्ये घालून बघायचा, बसला तर पास, नाही बसला तर लाल ट्रेमध्ये टाकायचा. अधलंमधलं काही नाही. कंपनीत त्यांना सगळे आप्पा म्हणतात, आणि आप्पांनी पास केलेला माल कस्टमरकडून कधी परत आला नाही, हे ते स्वतःच दहा वेळा सांगतात. आता अशा माणसाची सख्खी पोरगी टीव्हीवर आली आणि अख्खा महाराष्ट्र तिला पास-नापास करायला बसला, म्हणजे त्याच्या जिवाला घोर लागणार नाही तर काय होणार?

मालिकेचं नाव ‘मिठाचा महाल’. रोजची नव्हे, सहाच एपिसोडची, दर रविवारी संध्याकाळी सातला. गोष्ट परीकथेतली. एका राजाचा सगळा महाल मिठाचा. चेटकिणीचा शाप असा की महालात कुणी रडलं की एक भिंत विरघळणार. म्हणून राज्यात रडायला बंदी. राजाला दोन मुली. थोरली तलवार फिरवणारी, घोड्यावरून उड्या मारणारी. धाकटी ओवी, जन्मापासून मुकी. ती पाच एपिसोड एक शब्द बोलत नाही, आणि सहाव्यात एकच वाक्य बोलते. ही ओवी म्हणजे आप्पांची हर्षाली.

हर्षाली सव्वीस वर्षांची. बी.कॉम. झाली आणि एक दिवस आप्पांसमोर बसून म्हणाली, पप्पा, मला मुंबईला जाऊन ॲक्टिंग करायचीय. घरात आठ दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही. शेवटी आप्पांनीच तोडगा काढला. दोन वर्षं. जमलं तर तुझं नशीब, नाही जमलं तर मुकाट नाशिकला यायचं आणि मी अंबडला लावून देईन तिथे नोकरी धरायची. पोरीनं शब्द दिला. देवरे मूळचे सटाण्याचे. दिलेला शब्द फिरवायचा नाही, ही त्या घराची मोठी मिजास. ती दोन वर्षं या फेब्रुवारीत संपत होती.

मालिकेचा दुसरा सीझन नक्की होता. पण त्यात कुणाला ठेवायचं आणि कुणाला बदलायचं, हे लोकांची मतं बघून ठरणार होतं. चॅनलचं ॲप आहे, त्यावर प्रत्येक एपिसोडखाली लोक मत लिहितात. शेवटच्या रविवारनंतर शुक्रवारपर्यंतची मतं बघू आणि मग करार करू, असं चॅनलच्या तेजल मॅडमनी सगळ्या कलाकारांना सांगून टाकलं होतं. हर्षालीला ठेवलं तर वर्षभराचं काम आणि आप्पांची मुदत आपोआप मोडीत. नाही ठेवलं तर बॅग भरून घरी.

आणि गंमत बघा, ज्या माणसानं मुदत घातली, तोच आता ती मोडावी म्हणून देव पाण्यात घालून बसला. पोरगी घरी यावी असं त्यांना दोन वर्षं रोज वाटत होतं, पण हरून यावी असं एकदाही वाटलं नव्हतं. हे त्यांनी तिला कधी सांगितलं का? छे. ते सांगायचं सोडून ते मतं वाचायला लागले.

पहिल्या रविवारी सिडकोतल्या त्यांच्या पाचव्या स्कीमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारपाजारचे आले, खाली सतरंजी टाकली, मंगलाबाईंनी म्हणजे आप्पांच्या बायकोनं पोह्यांचं मोठं पातेलं चढवलं. आप्पा टीव्हीच्या बरोबर समोर खुर्ची टाकून बसले. मालिका सुरू झाली, महाल दिसला, सगळे “वा” म्हणाले, आणि आप्पांनी खिशातून मोबाईल काढला. लोक काय म्हणतात ते बघू.

लोक काय, लोकांना तोंड आहे. “महाल थर्माकोलचा वाटतो.” “राक्षसाचा वरचा दात हलतोय, डेंटिस्टला दाखवा.” “थोरली राजकन्या जबरदस्त.” “आमच्या पोरांनी जेवताना पहिल्यांदाच त्रास दिला नाही, धन्यवाद.” ओवीबद्दल कुणीच काही लिहिलं नव्हतं. आप्पा खाली-वर, खाली-वर सरकवत राहिले. मधेच शेजारीण म्हणाली, “आली, आली हर्षाली,” तेव्हा त्यांनी मान वर केली. निळ्या घागऱ्यातली एक मुलगी खांबाआड जाताना दिसली आणि जाहिरात लागली.

दुसऱ्या रविवारी लोकांना ओवी दिसायला लागली. “ही धाकटी नुसती बघत काय बसते?” “बघण्याचे पैसे मिळतात का हो हिला?” तिसऱ्या रविवारी एकानं लिहिलं, “ओवीला एक तर बोलवा नाही तर घरी पाठवा,” आणि त्याखाली चारशे लोकांनी अंगठे दिले. चारशे! आप्पा उठून कागद शोधायला लागले. त्यांनी इन्स्पेक्शनच्या जुन्या कागदाच्या पाठीवर तीन रकाने आखले: पास, रीवर्क, रिजेक्ट. रोज चहाच्या सुट्टीत, जेवणाच्या सुट्टीत, बसस्टॉपवर ते मतं वाचायचे आणि रकान्यात रेघा मारायचे. रिजेक्टचा रकाना भरून कागद उलटावा लागला, तरी पासमध्ये अकरा रेघा.

मंगलाबाई हे सगळं बघत होत्या. त्यांचं माहेर नामपूरकडचं. एरवी सिडकोतल्या बायकांसारखं बोलतील, पण डोकं फिरलं की अहिराणीच तोंडात येते. चौथ्या रविवारी मालिका चालू असताना त्या म्हणाल्या, “कसाले वाचतस ते? समोर देखा ना जरा. पोर शे ती आपली, माल नै.”

“बघतोय ना मी,” आप्पा म्हणाले. नजर मोबाईलमध्येच. कान टीव्हीकडे आहेत म्हणजे बघणंच झालं, असा त्यांचा हिशोब असावा.

त्याच आठवड्यात हर्षालीचा फोन आला. आवाज बसलेला. सर्दी झालीय म्हणाली, पण बापाला सर्दी आणि रडणं यातला फरक कळतो.

“पप्पा, तुम्ही ती मतं-बितं वाचू नका हं. मी पण वाचत नाही.”

“मी कशाला वाचतोय,” आप्पा म्हणाले. दोघंही खोटं बोलले आणि दोघांनाही ते कळलं.

“पण मालिका बघता ना?”

“म्हणजे काय. बरोबर समोर बसतो.”

“मग बास. सहावा नीट बघा, पप्पा. ओवी एकच वाक्य बोलते. लिहिलेलं वाक्य मला पटतच नव्हतं. इगतपुरीला शूटिंग होतं, पाऊस असा की मागचा डोंगर दिसेना, अकरा टेक झाले. शेवटी मी डिरेक्टर सरांना म्हटलं, मी माझ्या मनानं बोलून बघू का? ते म्हणाले बोल. तेच ठेवलंय. ते माझं वाक्य आहे.”

“काय वाक्य?”

“आत्ता नाही सांगणार. तुम्ही ऐका आणि मला सांगा.”

आप्पांना बरं वाटलं. एवढंच कशाला, त्या दिवशी त्यांनी शॉपमध्ये दोघातिघांना सांगितलंसुद्धा, की शेवटच्या एपिसोडमधलं वाक्य आमच्या हर्षालीनं स्वतः केलंय.

सहावा रविवार उजाडला. शेजारीपाजारी आता कंटाळून आपापल्या घरी बघत होते, घरात दोघंच. सातला मालिका सुरू झाली. आप्पा आंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून समोर बसले. आज मोबाईल हातात घ्यायचा नाही असं त्यांनी सकाळपासून ठरवलेलं. अर्धा तास त्यांनी धीर धरला. राजा आजारी पडला, थोरली लढायला गेली, महालाच्या दोन भिंती गेल्या. ओवी राजाच्या उशाशी येऊन बसली. आता बोलणार, आता बोलणार. आणि हिनं तोंड उघडलं आणि लोक हसले तर? आप्पा खुर्चीत पुढे सरकले. ॲपवर एपिसोड टीव्हीच्या तासभर आधीच येतो, तिथे लोकांनी काय लिहिलं ते तेवढं बघावं म्हणून त्यांनी मोबाईल उघडला. ॲपवर वर मोठ्या अक्षरात सूचना होती: कृपया शेवट आणि ओवीचं वाक्य लिहून इतरांचा आनंद घालवू नका. खाली मतं धडाधड पडत होती.

“बोलली! ओवी बोलली!” “अंगावर काटा आला.” “ते वाक्य. बस. शब्द नाहीत.” “पाच एपिसोड हिला शिव्या घातल्या, आज माफी मागतो.” एका बाईनं लिहिलं होतं, “माझी मुलगी सात वर्षांची आहे, बोलत नाही. ओवी बोलली तेव्हा तिनं उठून टीव्हीला हात लावला.”

आप्पांचे डोळे भरून आले. मनगटानं पुसत पुसत ते वाचत राहिले, वाचत राहिले. मान वर केली तेव्हा पडद्यावर नावं सरकत होती आणि मंगलाबाई पदर तोंडाला लावून मुसमुसत होत्या.

“बघितलं?” त्या म्हणाल्या.

“बघितलं,” आप्पा म्हणाले. त्यांच्या मनात काही खोट नव्हती. त्यांना खरंच वाटत होतं की बघितलं.

इथेच थांबले असते तर आज ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण एकोणतीस वर्षं तपासणी केलेला माणूस थांबतो कसला. सोमवारी त्यांनी रेघा मोजल्या. चांगली मतं त्रेसष्ट. जुनी वाईट मतं तीनशेच्या वर, तिथेच खाली पडलेली, चारशे अंगठ्यांसकट. चॅनलवाले एकूण बेरीज बघणार. त्यात पोरगी नापास होणार, हे आप्पांना गेजमध्ये घातल्यासारखं स्वच्छ दिसलं. शुक्रवारला चार दिवस होते.

आता कंपनीतल्या एका रीतीबद्दल सांगायला हवं. त्या कंपनीत दर महिन्याला प्रत्येक कामगारानं दोन कायझेन द्यायचे असा नियम आहे. कायझेन म्हणजे कामात काय सुधारणा करता येईल त्याची सूचना. छापील कार्ड असतं, त्यावर सूचना लिहायची आणि खाली नाव, विभाग, शिफ्ट. आता दर महिन्याला दोन-दोन सूचना माणसानं आणायच्या कुठून? म्हणून प्रेस शॉपचा राजू, चाळिशीचा, अक्षर चांगलं, तो एक सूचना तयार करतो आणि बाकीचे ती जशीच्या तशी उतरवतात. मागच्या वर्षी ‘ऑइलच्या डब्याला झाकण असावे’ ही एकच सूचना सत्तावन्न जणांनी दिली आणि प्रेस शॉपला बक्षिसाची ढाल मिळाली. साहेब लोक आकडा बघतात, वाचत कुणी नाही. झाकण अजून आलेलं नाही.

तर मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत आप्पा डबा न उघडताच राजूकडे गेले.

“राजू, एक काम होतं. आमच्या हर्षालीसाठी ॲपवर जरा चांगलं लिहायचंय.”

“एवढंच ना आप्पा? त्यात काय. तुम्ही मजकूर सांगा, मी फिरवतो,” राजू म्हणाला.

आप्पांनी मजकूर सांगितला. आयुष्यभर जे लिहिलं तेच त्यांच्या हातून येणार. “‘मिठाचा महाल’ ही मालिका पाहिली. त्यातील धाकटी राजकन्या ओवी यांचे काम उत्तम दर्जाचे असून तपासणीत कोणताही दोष आढळला नाही. तरी दुसऱ्या सीझनमध्ये त्यांनाच कायम करावे, ही विनंती.”

राजूनं तो कंपनीच्या ग्रुपवर टाकला. लोकांनी जेवता जेवता एका हातानं ॲप उतरवून घेतलं, मजकूर चिकटवला, आणि कायझेन कार्डाच्या सवयीनं खाली नाव, विभाग आणि शिफ्टसुद्धा लिहिली. कुणी सांगितलं नव्हतं, हात आपोआप गेला. प्रेस शॉप, पहिली शिफ्ट. वेल्डिंग, पहिली शिफ्ट. पेंट शॉप, पहिली शिफ्ट. भोंगा व्हायच्या आत एकशे अडतीस मतं पडली. त्यातल्या एकानंही मालिका बघितली नव्हती, पण आप्पांच्या पोरीसाठी कुणी नाही म्हणालं नाही. आप्पांनी दोनदा मोजली. एवढी माणसं आपल्या शब्दाला जागली. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना चहा पाजला.

संध्याकाळी सहाच्या आत होत्याचं नव्हतं झालं. कुणा दीडशहाण्यानं ती सगळी मतं एकाखाली एक लावून फोटो काढला आणि वर लिहिलं, “दोष आढळला नाही, पाठवा डिस्पॅचला!” झालं. बुधवारी सकाळपर्यंत तो फोटो आप्पांच्या साडूच्या ग्रुपवरून त्यांच्याच मोबाईलवर आला. लोक हर्षालीच्या फोटोवर ‘क्यूसी पास’चा शिक्का मारून पाठवत होते. “ओवी, विभाग राजवाडा, शिफ्ट पहिली.” “मुकीला बोलायला कंपनीची परवानगी मिळाली.” आणि ज्यांनी रविवारी माफी मागितली होती, तेच आता लिहीत होते की विकत घेतलेल्या कौतुकाला आम्ही पण भुललो.

आप्पा बुधवारी कामावर होते. त्यांच्या हातून त्या दिवशी दोन वाकडे पार्ट पास झाले. लाइनवरच्या पोरानं दाखवले तेव्हा कळलं. हर्षालीला त्यांनी पाच फोन केले. पाचव्याला तिनं उचलला.

“पप्पा, मी मीटिंगमध्ये आहे. नंतर बोलते.” आवाजात सर्दीसुद्धा नव्हती. काहीच नव्हतं.

गुरुवारी आप्पांनी हिंमत केली. इगतपुरीच्या शूटिंगच्या वेळी अडीअडचणीला म्हणून हर्षालीनं तेजल मॅडमचा नंबर दिला होता. कॅन्टीनच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ उभं राहून त्यांनी तो लावला.

“मॅडम, मी हर्षालीचा वडील बोलतोय. ती मतं मी लिहायला लावली. तिला यातलं काही माहीत नव्हतं. आमच्या कंपनीतली साधी माणसं आहेत, पैसे-बिसे काही नाही. तुम्ही म्हणाल तिथे येऊन लिहून देतो.”

तेजल मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. बाई वाईट नव्हती.

“काका, हे काल सकाळी कळलं असतं तर काहीतरी करता आलं असतं. आम्ही हर्षालीला विचारलं, हे कुणी केलं. ती म्हणाली, मला माहीत नाही. एकशे अडतीस नावं, ॲपच्या नोंदीत सगळी नाशिकची, आणि तिला माहीत नाही. तिथेच अडलं सगळं. वरच्यांनी आज सकाळी दुसरी मुलगी घेतली.”

“पण मॅडम, रविवारची मतं तर खरी होती. ती मोजा ना. त्यात आमचं कुणी नव्हतं.”

“ती आता नाहीत, काका. ओवीचं नाव असलेली सगळी मतं काढून टाकली. खरी कुठली, खोटी कुठली, कोण शोधत बसणार? आणि दुसऱ्या सीझनसाठी पहिला पुन्हा दाखवायचाय, तर नवीन मुलीला जुळेल असं एडिटिंग करून उद्यापासून ॲपवरही तेच टाकतोय. ओवीचे सीन कमी होतील. तुम्ही हे तिला हळूच सांगा.”

आप्पांनी फोन ठेवला. खोक्यातले पाच नग काढायचे, एक खराब निघाला तर अख्खं खोकं परत पाठवायचं, चांगला माल कुठला, वाईट कुठला, निवडत बसायचं नाही, हे त्यांनी स्वतः एकोणतीस वर्षं केलं होतं. तेव्हा त्यांना ते बरोबरच वाटायचं.

शुक्रवारी दुपारी हर्षाली आली. आप्पा सुट्टी टाकून पाथर्डी फाट्याला स्कूटर घेऊन उभे होते. बसमधून उतरली, एक मोठी बॅग, एक छोटी. बापाला बघून हसलीसुद्धा. घरी मंगलाबाईंनी तिच्या आवडीचं भरीत केलं होतं, ती व्यवस्थित जेवली. मग आप्पांना राहवेना. त्यांनी हात धुतला, तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, “बेटा, ते मी केलं.”

“माहितीय मला, पप्पा. प्रेस शॉप, पहिली शिफ्ट. वाचल्या वाचल्या कळलं.”

“मग त्यांना सांगितलं का नाहीस?”

“काय सांगू? माझ्या वडिलांनी केलं म्हणून? तुमचं नाव, कंपनीचं नाव सगळीकडे फिरलं असतं. तुमची नोकरी राहिली असती का?”

तिनं शिव्या घातल्या असत्या, ताट आपटलं असतं, तर आप्पांना बरं वाटलं असतं. पोरगी नुसती बसली होती. मंगलाबाई उठून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या.

“जाऊ द्या,” हर्षाली म्हणाली. “दोन वर्षं तुम्ही दिली होती, ती झाली. मला फक्त एक सांगा. लोकांचं सोडा आता. तुम्हाला कशी वाटली ओवी?”

आप्पांचा चेहरा उजळला. याचं उत्तर तरी आपल्याकडे आहे असं त्यांना वाटलं. “अगं, काय विचारतेस! तू बोललीस ना शेवटी, अंगावर काटा आला. शब्द नाहीत.”

हर्षालीनं मान वर केली. तिनं ती मतं वाचली नव्हती थोडीच. रविवारी रात्री तिनं ती पाठ होईस्तोवर वाचली होती.

“पप्पा, काय बोलली ओवी?”

आप्पांनी डोकं खाजवलं. राजाची उशी आठवली, निळा घागरा आठवला, आणि त्यानंतर आठवली ती फक्त मोबाईलवरची अक्षरं. सात वर्षांची मुलगी, जिनं उठून टीव्हीला हात लावला. माफी मागणारा माणूस. त्यांनी मंगलाबाईंकडे बघितलं. मंगलाबाईंचे ओठ हलले.

“आई, तू नको सांगू,” हर्षाली म्हणाली. तिनं अजून क्षणभर वाट बघितली. मग बॅग उचलून आत गेली आणि दार लोटून घेतलं, आपटलं नाही.

आप्पांनी मोबाईल काढला. ॲप उघडलं, सहावा एपिसोड लावला, पुढे पुढे ढकलला. राजा आजारी पडला, भिंती गेल्या, थोरली परत आली. मधे ओवी नव्हतीच. राजाच्या उशाशी रिकामा चौरंग होता, तो तेवढा अर्धा सेकंद दिसला. त्यांनी मागे नेऊन पुन्हा लावलं. तीन वेळा लावलं. खाली मतं होती. “महाल थर्माकोलचा वाटतो.” “थोरली जबरदस्त.”

संध्याकाळी मंगलाबाई भाजी निवडत होत्या तेव्हा ते जवळ जाऊन बसले.

“तू ऐकलंस ना. काय बोलली ती? मला एकट्याला सांग हळूच.”

मंगलाबाईंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. रागानं नव्हे, दमून बोलल्या. “समोरच बठेल व्हतात तुम्ही.” आणि पुन्हा जुडी घेतली. त्यांनी ते वाक्य त्या दिवशी सांगितलं नाही, नंतरही नाही.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला हर्षाली आप्पांच्याच कंपनीत डिस्पॅचच्या ऑफिसात लागली. शब्द दिला होता ना. आप्पांनीच साहेबांकडे बोलून लावून दिलं. सकाळी साडेसहाला बापाच्या स्कूटरवर मागे बसून ती गेटपाशी उतरली. गळ्यात नवीन ओळखपत्र, केस घट्ट बांधलेले. राजू सायकल स्टँडवरून पळत आला.

“ताई, आम्ही सगळ्यांनी लिहिलं होतं बरं का तुमच्यासाठी. एकशे अडतीस. लय छान काम केलं तुम्ही.”

“तुम्ही बघितलं होतं, दादा?”

“नाय हो ताई. रविवारी ओव्हरटाइम असतो,” राजू म्हणाला. “पण आप्पांनी सांगितलं ना छान हाय म्हणून.”

“थँक्यू,” हर्षाली म्हणाली, अगदी मनापासून म्हणाल्यासारखं. राजू खूश होऊन आत गेला.

आप्पा स्कूटर स्टँडवर लावायचं विसरून तिच्याजवळ उभे होते. महिनाभर घरात ते हा प्रश्न गिळत आले होते. आता गेटच्या गर्दीत, कुणाचं लक्ष नाही असं बघून, त्यांनी विचारलं, “बेटा, एकदाच सांग ना. काय बोलली होतीस तू?”

हर्षालीनं त्यांच्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर त्यांना काहीतरी धरायला मिळालं असतं. ती आठवून बघत होती असं वाटलं, आणि मग तिनं तो विचार सोडून दिला.

“ते काढून टाकलंय, पप्पा,” ती म्हणाली. “चला, पंचिंग करू, उशीर होईल.”